संथ पडलेलं एडिटिंगचं मशीन : सोलापूर, मार्च ते मे २०२५

११ मार्च, मंगळवार

फेब्रुवारीत दिलेल्या लग्नाच्या अल्बमचे पाहुणे आज आमच्या फोटोच्या दुकानात आले होते. भांडायला नाही, साधं विचारायला. "ताई, अंतरपाट खाली येतानाच्या फोटोत मामांचे डोळे मिटलेत. दुसरा फोटोच नव्हता का?" अल्बमची पानं लावते ती वहिनी, तिला काही उत्तर देता येईना.

ते गेल्यावर मी मूळ फोल्डर उघडला. दादाने त्या एका क्षणाचे चौदा फोटो काढले होते. अल्बममध्ये गेला तो तिसरा. सहाव्यात मामा भाचीकडे बघतायत, डोळे भरून आलेले, हात तिच्या खांद्याच्या जरा वर थांबलेला. हा फोटो आम्ही उघडलाच नव्हता. पुढच्या फोटोवर गेलं की चित्र स्पष्ट व्हायला सहा-सात सेकंद लागतात. रात्री दीड वाजता तिसरा बरा दिसला, तो घेतला आणि पुढे गेलो.

मशीन संथ आहे हे तीन वर्षांपासून माहीत आहे. वेळ जातो एवढंच आजवर वाटत होतं. आता फोटोही हातचे जातायत. लग्नसराई तोंडावर आहे, अक्षय्य तृतीया ३० एप्रिलला. त्याआधी हे सुधारायचं आणि रोज काय केलं ते इथे लिहायचं.

मशीन २०१८ चं. आय-फाइव्ह ८४०० प्रोसेसर, सहा कोर. ८ जीबी रॅम, एकच पट्टी. विंडोज २४० जीबीच्या एसएसडीवर (न फिरणारी जलद डिस्क), ती जवळपास भरलेली. म्हणून रॉ फाइली (कॅमेऱ्यातले मूळ, न दाबलेले फोटो), लाइटरूमचा कॅटलॉग (फोटोंची आणि त्यांच्यावरच्या बदलांची नोंदवही), फोटोशॉपची स्क्रॅच डिस्क (रॅम संपली की वापरायची जागा), सगळं एकाच १ टीबी हार्ड डिस्कवर. ग्राफिक्स कार्ड ४ जीबीचं, जीटीएक्स १०५० टीआय. कामाला लाइटरूम क्लासिक आणि फोटोशॉप.

एका दुकानदाराने "नवीनच घ्या" म्हणून पंचाण्णव हजारांचा कागद हातात दिलाय. द्यायचे असतील तर देऊ, पण नेमकं अडतंय कुठे हे कळल्याशिवाय नाही.

१२ मार्च, बुधवार

आज फक्त मोजलं. कशालाही हात लावला नाही.

जानेवारीतल्या एका लग्नाच्या शंभर रॉ फाइली वेगळ्या काढल्या आणि तीन चाचण्या ठरवल्या. पहिली: लाइटरूमच्या डेव्हलप या एडिटिंगच्या भागात एक्सपोजर, म्हणजे उजेड, थोडं हलवायचं, पुढच्या फोटोवर जायचं, चित्र स्पष्ट होईपर्यंतचा वेळ घ्यायचा. वीस फोटोंची सरासरी ६.८ सेकंद. दुसरी: शंभर फोटो पूर्ण आकारात जेपेगमध्ये एक्सपोर्ट. ११ मिनिटं ४० सेकंद. तिसरी वहिनीची: अल्बमचं एक पान उघडायचं, एक फोटो बदलायचा, सेव्ह करायचं. ४ मिनिटं २० सेकंद.

मग हेच करताना टास्क मॅनेजर उघडा ठेवला. फोटो बदलताना प्रोसेसर तीस टक्क्यांच्या वर जात नाही, हार्ड डिस्क मात्र शंभरावर चिकटलेली. एक्सपोर्टला उलटं. प्रोसेसर शंभर टक्के, डिस्क निवांत. पण प्रोसेसरचा वेग २.१ गिगाहर्ट्झ! हा प्रोसेसर सहाही कोरवर ३.८ ला चालायला हवा. एचडब्ल्यूइन्फो नावाच्या प्रोग्राममध्ये तापमान पाहिलं तर ९९, १००. इतकं तापलं की तो स्वतःला वाचवायला वेग उतरवतो. म्हणजे पावणेचार गिगाहर्ट्झचं यंत्र घरात असून आम्ही दोनवर काम करत होतो.

फोटोशॉपमध्ये खालच्या पट्टीवर 'एफिशियन्सी' लावून ठेवली. हा आकडा शंभराखाली आला की रॅम संपून काम स्क्रॅच डिस्कवर चाललंय असं समजायचं. वहिनीच्या पानावर ४१ टक्के.

एकच आजार नाही, तीन आहेत: अडणारी हार्ड डिस्क, तापणारा प्रोसेसर, अपुरी रॅम. तिन्हींना "मशीन स्लो झालंय" हे एकच नाव देत होतो.

१३ मार्च, गुरुवार, होळी

डिस्कची तब्येत सांगणारं क्रिस्टलडिस्कइन्फो चालवलं आणि पोटात गोळा आला. हार्ड डिस्कवर पिवळा शेरा, 'कॉशन'. खराब ठरवून बदललेले सेक्टर (डिस्कवरचे छोटे कप्पे) आहेतच, शिवाय आठ सेक्टर वाचता न आल्याने ताटकळलेले. पाच वर्षांतली लग्नं आहेत तिच्यावर. बारशी, डोहाळजेवणं, आता हयात नसलेल्या माणसांचे शेवटचे फोटो.

वेगाचं काम बंद. बाहेरची २ टीबी डिस्क जोडून ८२० जीबी कॉपीला लावले. खाली गल्लीत होळी पेटली तरी मी टक्केवारीच बघत बसलो होतो. पहाटे साडेचारला संपलं. दोन फाइली वाचल्या गेल्या नाहीत. दोन्ही २०२१ मधल्या एका साखरपुड्याच्या, आणि त्यांचे जेपेग होते. वाचलो.

पुढे हे वाचून कोणी स्वतःचं मशीन खोलणार असेल तर क्रम हाच ठेवावा, आधी प्रत, मग पेचकस.

१५ मार्च, शनिवार

कॅबिनेट उघडलं. आमच्या भिंतीला लागून अण्णांचा टॉवेलचा कारखाना आहे, आठ माग. पूर्व भागात राहायचं म्हणजे मागांची खडखड आणि हवेत रुई हे आलंच. झोपताना खडखड थांबली तर उलट जाग येते. पण ही रुई मशीनच्या पोटात किती जाते याचा विचार कधी केला नव्हता.

प्रोसेसरवरचा पंखा काढला. चार कोपऱ्यांत चार खुंट्या, बाणाच्या दिशेने पाव फेरी फिरवायच्या आणि वर ओढायच्या. पंखा आणि खालच्या ॲल्युमिनियमच्या पात्यांच्या मध्ये रुईची अखंड चकती बसलेली, बोटभर जाड. चिमट्याने उचलली तर टॉवेलच्या तुकड्यासारखी सगळी एकदम निघाली. कडेने बघितलं तर थर दिसत होते. वर निळा, खाली गुलाबी, त्याखाली पांढरा, मग पुन्हा निळा. तेवढ्यात अण्णा ब्लोअर घेऊन आले. त्यांनी ती हातात घेतली, उजेडात धरली.

"हा निळा आत्ताचा माल. गुलाबी दिवाळीचा. पांढरा ते हॉटेलवाल्यांचं काम होतं बघ, तवाचं." मग जरा गप्प राहून म्हणाले, "आमच्या छातीत पण असंच असतंय मग."

काय बोलावं कळलं नाही. त्यांच्या कारखान्यात तोंडाला रुमाल बांधतात कधी, बहुतेकदा नाही. त्यांना चांगले मास्क आणून द्यायचे आहेत. इथे लिहून ठेवतो म्हणजे राहणार नाही.

ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवली, नाहीतर हवेने भरमसाट फिरून बेअरिंग जातं. प्रोसेसरची उष्णता पात्यांकडे नेणारी जुनी थर्मल पेस्ट खडूसारखी वाळली होती. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली, नवी वाटाण्याएवढी मधोमध लावली, पंखा समोरासमोरच्या खुंट्या धरून बसवला.

एक्सपोर्ट पुन्हा: ६ मिनिटं ५५ सेकंद. तापमान ७४, वेग ३.८ वर स्थिर. खर्च पेस्टचे दीडशे रुपये.

पहिली चाचणी मात्र ६.७. तिथे प्रोसेसर अडतच नव्हता, त्यामुळे हेच व्हायचं होतं. अण्णांना विचारलं तर त्यांनी मागावरूनच सांगितलं, "माग किती बी पळू दे. कांडी भरून येईना तर उभाच राहतंय." कांडी म्हणजे मागाला सूत पुरवणारी नळी. आमची कांडी हार्ड डिस्क भरते.

१७ मार्च, सोमवार

बिनपैशाचे बदल. सकाळी घाईत चार गोष्टी एकदम बदलल्या, आकडा सुधारला, आणि कशामुळे ते कळेना. सगळं परत पूर्वीसारखं केलं आणि एकेक घेतलं. अर्धा दिवस गेला.

लाइटरूममध्ये प्रत्येक बदल लगेच एक्सएमपी फाइलीत लिहिण्याची खूण मीच कधीतरी लावली होती. स्लायडर हलला की रॉ फाइलीशेजारी एक छोटी फाइल लिहिली जाते. दमलेल्या डिस्कवर हा आणखी एक फेरा. खूण काढली: ६.७ वरून ५.९. बदल कॅटलॉगमध्ये राहतातच, आणि लग्न पूर्ण झालं की सगळे फोटो निवडून कंट्रोल-एस दाबलं की एक्सएमपी एकदम लिहून होतात.

अँटिव्हायरसला कॅटलॉगचा आणि प्रिव्ह्यूचा फोल्डर वगळायला सांगितला. याचं फार ऐकलं होतं. आमच्याकडे फरक ०.१ सेकंद. वगळणं रद्द केलं, एवढ्यासाठी दार उघडं कशाला ठेवायचं.

कार्ड रीडर पुढच्या काळ्या यूएसबीत लावत होतो, ते टू पॉइंट झिरो, म्हणजे जुन्या संथ जातीचं निघालं. मागच्या निळ्यात लावला. ६० जीबीचं कार्ड अठ्ठावीस मिनिटांऐवजी बारा मिनिटांत उतरलं. सात वर्षं समोर असलेली गोष्ट.

वहिनीच्या फोटोशॉपमध्ये हिस्टरी ५० पायऱ्यांची होती, २० केली. फाइल हँडलिंगमध्ये पीएसडी (फोटोशॉपची थरांसकट फाइल) न दाबता सेव्ह करण्याची सोय आहे, ती चालू केली. फाइल मोठी होते, सेव्ह पटकन होतं. ४:०५ वरून ३:१०.

१९ मार्च, बुधवार

रंगपंचमी. सगळं बंद. मशीनवर चादर टाकून ठेवली.

२२ मार्च, शनिवार

रॅम आली, १६ जीबीच्या दोन पट्ट्या. दोन घेतल्या कारण जोडीने लावल्या की प्रोसेसर दोन्हींशी एकाच वेळी देवाणघेवाण करतो. एकटी पट्टी म्हणजे रुंद रस्त्याची एकच बाजू चालू.

वहिनीला ३२ जीबी कशाला हा प्रश्न होता, म्हणून तिच्याच पानाचा हिशोब मांडला. बारा बाय छत्तीस इंच, ३०० डीपीआय. म्हणजे ३,६०० गुणिले १०,८०० पिक्सेल, तीन कोटी अठ्ठ्याऐंशी लाख. प्रत्येक पिक्सेलला तीन बाइट. फोटोशॉप खाली दाखवतं १११.२ एमबी, आणि हा झाला पानभर पसरलेला फक्त एक थर. तिच्या पानावर पार्श्वभूमी, दोन टेक्स्चर, पंधरा-सोळा फोटो स्मार्ट ऑब्जेक्ट म्हणून (मूळ फोटो आत जसाच्या तसा ठेवलेले थर), वर मास्क (थराचा काही भाग झाकणारे) आणि मागे हिस्टरी. १६ बिटमध्ये काम केलं तर आणखी दुप्पट. त्या ८ जीबीतले विंडोज आणि लाइटरूमला गेल्यावर उरत काय होतं?

पट्टी बसताना दोन्हीकडून 'टक' आवाज यायला हवा. पहिल्यांदा एकीकडून आला, मशीन चालूच झालं नाही. काढून पुन्हा बसवली.

एफिशियन्सी ४१ वरून थेट १००. वहिनीचं पान १ मिनिट ५ सेकंद. एक्सपोर्ट ५:५०. पहिली चाचणी ५.१, म्हणजे कांडी अजून रिकामीच येतेय.

२४ मार्च, सोमवार

हार्ड डिस्कची तबकडी मिनिटाला ७,२०० फेरे घेते. एका फेऱ्याला ८.३ मिलिसेकंद. हवी ती जागा डिस्कच्या वाचणाऱ्या डोक्याखाली यायला सरासरी अर्धा फेरा, शिवाय डोकं त्या पट्ट्यावर सरकायचा वेळ. एकच मोठी फाइल सलग वाचायची असेल तर डिस्क ठीक पळते. पण लाइटरूमचा कॅटलॉग हा डेटाबेस आहे. पुढच्या फोटोवर गेलं की थोडं कॅटलॉगमधून, थोडं प्रिव्ह्यूच्या ढिगातून, मग रॉ फाइल, मग कॅश (तात्पुरता साठा). बिचारं डोकं नुसतं इकडून तिकडे धावतं. त्यात सेक्टर खराब होत चाललेले.

१ टीबीची एनव्हीएमई, म्हणजे आणखी जलद एसएसडी घेतली, पट्टीसारखी बोर्डावरच बसते. रॅम आणि ही मिळून साडेअकरा हजार. फिरणारं काही नाही, त्यामुळे वाट बघणंही नाही.

लाइटरूम बंद केलं, कॅटलॉगचा फोल्डर प्रिव्ह्यूसकट उचलून नव्या डिस्कवर ठेवला, तिथून उघडला. कॅमेरा रॉ कॅश ५ जीबी होती, २५ करून तीही इथे. चाचणीचे फोटो इथे. फोटोशॉपची स्क्रॅच डिस्क इथे.

पहिली चाचणी १.९ सेकंद. मला खरं वाटेना, तीनदा मोजलं. एक्सपोर्ट ५:१०. वहिनीचं पान ३८ सेकंद. तिने सेव्ह दाबलं आणि सवयीने चहाचा कप उचलला. कप तोंडाला लागेपर्यंत झालं होतं.

२७ मार्च, गुरुवार

चूक केली. फेब्रुवारीतली दोन लग्नं नव्या डिस्कवर हलवताना विंडोजच्या खिडकीतूनच फोल्डर ओढले. लाइटरूम उघडलं तर सोळाशे फोटोंवर प्रश्नचिन्हं, कारण कॅटलॉगला जुनाच पत्ता माहीत. डाव्या पट्टीत फोल्डरवर उजवी क्लिक, 'फाइंड मिसिंग फोल्डर', नवा पत्ता दाखवला, सगळं परत आलं. यापुढे हलवाहलव लाइटरूमच्या आतूनच. दादालाही सांगितलं, कार्ड रीडरवर तशी चिठ्ठीही लावली.

जुनी हार्ड डिस्क आज काढून टाकली. जुन्या लग्नांसाठी नवीन ४ टीबीची घेतली, दादाने लेन्ससाठी बाजूला ठेवलेल्या पैशातून. लेन्स दिवाळीला. बाहेरची प्रत दादाच्या घरी, जुळे सोलापुरात. दोन्ही प्रती एकाच छपराखाली ठेवायच्या नाहीत.

३० मार्च, पाडवा

गुढी उभारली. दुपारी तीन ऑर्डरी पक्क्या झाल्या, त्यांतल्या दोन अक्षय्य तृतीयेच्याच.

५ एप्रिल, शनिवार

नव्या व्यवस्थेवर पहिलं पूर्ण लग्न, २,९०० फोटो. जुन्या गतीने फक्त पुढच्या फोटोची वाट बघण्यात साडेपाच तास गेले असते. हा हिशोब आधी कधी केला नव्हता, आज केला आणि बसून राहिलो.

रात्री इम्पोर्ट करतानाच स्मार्ट प्रिव्ह्यू बनवायला लावले आणि झोपलो. लांब बाजू २,५६० पिक्सेलची ही हलकी प्रत. परफॉर्मन्समध्ये मूळ फाइलीऐवजी स्मार्ट प्रिव्ह्यूवर एडिट करायची खूण लावली. सकाळी पुढचा फोटो ०.८ सेकंदात. एक्सपोर्ट मूळ रॉमधूनच होतं, त्यामुळे छपाईत काही कमी होत नाही. फक्त नॉइज (फोटोतले बारीक दाणे) आणि शार्पनिंग लहान प्रतीवर ठरवू नये, ते डोळ्याला फसवतात. तेवढ्यापुरती खूण काढतो.

कामाचा क्रमही बदलला. आधी डाग काढणं आणि लेन्सची दुरुस्ती, मग उजेड आणि रंग, मग ब्रश आणि मास्क, नॉइज कमी करणं सगळ्यात शेवटी. मी ते आधी करायचो, मग प्रत्येक ब्रशच्या फटकाऱ्याला मशीन तो हिशोब पुन्हा करत बसायचं.

९ एप्रिल, बुधवार

दादाला एआय डिनॉइज (एआयने दाणे काढणं) हवं होतं, हॉलमधले अंधारातले फोटो म्हणून. आमच्या कार्डावर एका फोटोला साडेसहा मिनिटं. हे काम जवळपास पूर्ण ग्राफिक्स कार्डावर पडतं आणि हे कार्ड त्यासाठीचं नाही. अल्बमच्या मुखपृष्ठाच्या एक-दोन फोटोंना रात्री लावू, बाकीच्यांना साधे स्लायडर. कार्डाचा खर्च यंदा नाही. बारा बाय छत्तीसच्या पानावर चार इंचांत छापलेल्या फोटोतलं तेवढं नॉइज मला तरी दिसलं नाही, मुद्दाम छापून बघितलं.

१६ एप्रिल, बुधवार

बाहेर बेचाळीसच्या वर. एक्सपोर्टला प्रोसेसर ८३ पर्यंत जातोय, वेग टिकून आहे.

रुई अडवायला पुढच्या जाळीवर वहिनीने जुन्या ओढणीचा तुकडा लावला. रुई पूर्ण थांबली, पण तापमान ९२. ओढणी काढून मच्छरदाणीचा तुकडा लावला. ८४. रुईचे मोठे पुंजके बाहेरच अडतात, बारीक आत जाते. हा सौदा चालेल. मशीनही जमिनीवरून उचलून टेबलावर, अण्णांच्या भिंतीपासून लांबच्या कोपऱ्यात नेलं. झाडताना उडालेलं सगळं आधी जमिनीलगतच फिरत असतं.

मास्कचा डबा अण्णांना दिला. त्यांनी एक स्वतः लावला, उरलेले कांडी भरणाऱ्या मावशींकडे दिले.

२ मे, शुक्रवार

अक्षय्य तृतीयेच्या दोन लग्नांचे मिळून ५,४०० फोटो. निवड दीड दिवसात झाली.

संध्याकाळी वहिनी आणि मी अंतरपाटाचे फोटो बघायला बसलो. यावेळी दादाने सतरा काढले होते. सतराही पाहिले, पुढे-मागे करत, कितीतरी वेळा. चौथ्यात नवरी हसतेय. नवव्यात अक्षता हवेत आहेत आणि मागच्या रांगेतल्या आजी टाचा उंचावून बघतायत, एक हात पुढच्या बाईच्या खांद्यावर. मला चौथा हवा होता. वहिनी नवव्यावर अडून बसली. "नवरी हसताना पन्नास ठिकाणी आहे. आजी इथेच आहेत."

नववा घेतला, अर्धं पान.

फेब्रुवारीच्या पाहुण्यांना फोन केला. त्या पानावर सहावा फोटो घालून नवं पान छापायला टाकलंय, पैसे घेणार नाही. सोमवारी दादा नेऊन देईल.

कॅबिनेट पुन्हा १५ जूनला उघडायचं. ब्लोअर अण्णांकडून आणायचा, ब्रश नवा घ्यायचा.